रविवार पुढे ढकल

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

काल फोनवर तू म्हणालास, "रविवारी ठेकेदाराला आगाऊ रक्कम देऊन टाकतो. सामान तोच आणेल, आपल्या डोक्याला ताप नको." तेव्हा मी काही बोललो नाही, कारण तुझा आवाज थकलेला वाटला. पण रात्री झोप लागेना. बाथरूम आणि स्वयंपाकघर नवं करण्याच्या या कामासाठी तू कर्ज काढतो आहेस, आणि त्यातली मोठी रक्कम नुसत्या घाईपायी जाईल अशी धास्ती वाटते. म्हणून सविस्तर लिहितो. रविवार पुढे ढकल. आठ दिवस मोजमापाला दे.

माझ्या बाथरूमच्या वेळी काय झालं ते तुला पूर्ण सांगितलं नव्हतं. टाइल्स मी अंदाजाने मागवल्या आणि खिडकीखालचा पट्टा उरला तेव्हा माल संपला. पुन्हा मागवल्या. कंपनी तीच, डिझाइन तेच, फक्त लॉट वेगळा, म्हणजे वेगळ्या खेपेला बनलेला माल. बसवताना काही कळलं नाही. दोन दिवसांनी सकाळचं तिरपं ऊन आत आलं आणि खिडकीखालच्या अकरा टाइल्स पिवळसर दिसल्या. आजही दात घासताना नजर तिथेच जाते. शेवटच्या क्षणी मागवलेल्या त्या टाइल्सचं भाडंही वेगळं पडलं. प्रत्येक खोक्यावर शेड आणि बॅचचा नंबर छापलेला असतो. माल उतरवून घेताना तो वाचायचा, एवढंच मला करायचं होतं.

तेव्हा तू असं कर. भिंतींची लांबी-उंची मोजून दार-खिडकी वजा कर. टाइल्स सरळ बसवायच्या असतील तर दहा टक्के जास्त धर, तिरक्या बसवायच्या असतील तर पंधरा. म्हणजे 200 चौरस फूट निघाले तर 220 मागव, सगळ्या एकाच लॉटच्या. न फोडलेली खोकी परत घेणार का, हे आधीच विचार आणि बिलावर लिहून घे. पाच-सहा टाइल्स मात्र घरी ठेव, पुढे पाइप गळला आणि भिंत फोडावी लागली तर उपयोगी पडतील. दुकानांत संपत आलेल्या लॉटचा माल बराच स्वस्त मिळतो. बाथरूम लहान असेल तर तो पुरतो, मात्र नंतर तसा मिळणार नाही हे धरूनच चालायचं.

ठेकेदाराकडून मजुरी आणि माल यांचं कोटेशन वेगवेगळं माग. एकत्र आकड्यात काय कशाला लागलं ते कळत नाही. आणि सिंक, कमोड, शॉवर आहेत तिथेच राहू दे. सिंक खिडकीखाली हवं अशी वहिनींची इच्छा आहे, मला आठवतं. पण सिंक हललं की पाण्याची लाइन हलते, सांडपाण्याची हलते, उतार नव्याने काढावा लागतो, फरशी फुटते. या एका बदलाचा खर्च वेगळा विचारून घ्या आणि मग दोघं मिळून ठरवा.

काटकसर कुठे करायची नाही, तेही सांगतो. भिंतीच्या आणि फरशीच्या आत जे जातं, म्हणजे वायर, पाइप, वॉटरप्रूफिंग, ते चांगल्यातलंच घे. नळाची तोटी खराब झाली तर तासाभरात बदलता येते, पाइप बदलायला भिंत फोडावी लागते. वॉटरप्रूफिंग झालं की टाइल्स लावायच्या आधी आउटलेट बंद करून फरशीवर पाणी साठव, पातळीवर पेन्सिलीने खूण कर आणि 24 तास थांबून पाणी खुणेखाली उतरलं का ते बघ. गवंडी घाई करेल. तू करू नकोस.

स्वयंपाकघरातली कपाटं काढून टाकायची असं तू ठरवलंयस, त्याचा मात्र फेरविचार कर. दार उघडून आतल्या फळीवर बोटाच्या पेरांनी ठोकून बघ. आवाज भरीव आला, सिंकखालची फळी फुगलेली नसली, तर सांगाडा चांगला आहे. नुसती शटर, बिजागऱ्या आणि हँडल बदलली तरी ओटा नवा दिसतो. माझ्या मते सगळ्या कामात सर्वांत मोठी बचत इथेच आहे. जिथे नवं प्लायवूड लागेलच तिथे सुताराकडून कापणीचा कागद आधी करून घे. 8 बाय 4 फुटांच्या शीटमधून कोणता तुकडा कुठून निघणार हे आखलं की एखादी शीट सहज वाचते.

रंगाबद्दल थोडक्यात. गुळगुळीत भिंतीवर एक लिटर रंग एका हाताला साधारण 100 ते 120 चौरस फूट पुरतो. प्रायमर वगळू नकोस, नाहीतर भिंत महागडा रंग पिऊन टाकते. शेड मिसळून घेतलेला रंग सहसा परत घेत नाहीत, म्हणून आधी छोटा डबा आणून भिंतीवर लावून बघ.

आता फ्रीज. मी डिस्प्लेला ठेवलेला घेतला, डाव्या बाजूला तळहाताएवढा पोचा होता. ती बाजू भिंतीकडे येते, त्यामुळे आजवर कोणाला दिसली नाही. घेताना खिशातली एक पावती दारात धरून दार लावलं आणि ओढून पाहिली. चारही बाजूंना घट्ट अडकली, म्हणजे रबर शाबूत. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून लागू राहील हे लेखी घेतलं. तूही तसंच कर. आणि लेबलवर वर्षाला किती युनिट लागतात ते बघ. फ्रीज दिवसरात्र चालतो. वर्षाला 100 युनिट कमी लागले तर बारा वर्षांत 1200 युनिट होतात. त्याला तुझ्या विजेच्या दराने गुणून किमतीतल्या फरकाशी ताडून बघ. दिवसातून पाच मिनिटं चालणाऱ्या मायक्रोवेव्हसाठी असा हिशेब मांडायची गरज नाही. ओट्याची जागा पक्की करायच्या आधी उपकरणांची मापं घे, मागे-बाजूला हवेला जागा सोड आणि जिन्याची, दाराची रुंदीही मोज.

वापरलेलं बेसिन, आरसा, भरीव लाकडाचं दार बेलाशक घे. वापरलेला गिझर मात्र घेऊ नकोस, आतून टाकी किती गंजली आहे ते बाहेरून कळत नाही.

शनिवारी सकाळी मी येतो. टेप, वही, पेन्सिल माझ्याकडे आहे. तू फक्त ओट्याखालचं सामान बाहेर काढून ठेव, म्हणजे पाइप कुठून गेलेत ते नीट बघता येईल. वहिनींना नमस्कार सांग.

तुझाच,
जुना सोबती