मृत्युपत्रात ‘एखाद्या चांगल्या संस्थेला’ एवढे लिहून भागत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गणेशोत्सवात वृत्तपत्रांतून सामाजिक संस्थांची ओळख करून दिली जाते आणि वाचक सढळ हाताने देणग्या पाठवतात. त्याच सुमारास बरेच ज्येष्ठ, विशेषतः मूलबाळ नसलेले किंवा मुले परदेशी स्थायिक झालेले, ‘आमच्या पश्चात राहील ते संस्थेला’ असे बोलून दाखवतात. हेतू उत्तमच. घोळ होतो तो कागदावर.

‘शिल्लक रक्कम सत्कार्यासाठी वापरावी’ असे मोघम वाक्य म्हणजे वकिलांची सोय. मुंबईच्याच एका खटल्यात ‘धर्मासाठी’ ठेवलेला वारसा अनिश्चित म्हणून प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने) 1899 मध्ये रद्दबातल ठरवला. वल्लभभाईंचे थोरले बंधू विठ्ठलभाई पटेल 1933 मध्ये जिनिव्हाजवळ वारले. उरलेली संपत्ती देशाच्या राजकीय उन्नतीसाठी, शक्यतो परदेशातील प्रचारासाठी वापरावी म्हणून त्यांनी ती सुभाषबाबूंच्या हवाली केली होती. वल्लभभाईंनी हरकत घेतली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि हेतू फारच मोघम म्हणून निकाल सुभाषबाबूंच्या विरोधात लागला. विठ्ठलभाई स्वतः बॅरिस्टर होते, बरे का! उलट सर रतन टाटा (जमशेदजींचे धाकटे पुत्र) 1918 मध्ये गेले आणि त्यांच्या मृत्युपत्रानुसार 1919 मध्ये उभा राहिलेला न्यास आजही काम करतो आहे.

आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त शिक्षिकेने आपला वन बीएचके एका आश्रमाला ठेवला. मृत्युपत्रात आश्रमाचे बोलीतले नाव, नोंदणी मात्र कुठल्याशा प्रतिष्ठानच्या नावाने. सोसायटीच्या दप्तरी नॉमिनी पुतण्या. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो केवळ सांभाळणारा, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितले आहे. पण पुतण्याला ते कोण पटवणार? दाराला कुलूप, मेंटेनन्सची थकबाकी चढते आहे आणि बाल्कनीत कबुतरांनी संसार थाटला आहे.

समजा, घर संस्थेच्या नावावर झालेच, तरी सार्वजनिक न्यासाला स्थावर मालमत्ता विकायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. छोट्या संस्थेला पगाराची भ्रांत असते. तिने हे हेलपाटे कधी घालायचे? म्हणून माझ्या मते घर देऊच नये. एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा, नेमून त्याला घर विकण्याचा स्पष्ट अधिकार द्यावा आणि आलेली रक्कम संस्थेला द्यावी, असे लिहावे. ती संस्था तोवर बंद पडली असेल तर दुसरी कोणती, हेही त्यातच नमूद करावे. बाकी अटी सोप्या आहेत: साधा कागद चालतो, स्टॅम्प ड्युटी नाही, दोन साक्षीदार हवेत, नोंदणी ऐच्छिक. मालमत्ता मात्र स्वतःची हवी, वडिलोपार्जितातला फक्त आपला हिस्सा. मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाची मर्यादा आहे. आणि घरच्यांना हे हयातीतच सांगावे. तेराव्याला कळले की भाचे-पुतणे आधी वकील गाठतात.

संस्थांनीही संकोच सोडावा. ‘मृत्युपत्रात आमचे नाव घाला’ म्हणणे त्यांना अभद्र वाटते, ते समजू शकते. पण देणगीच्या पावतीमागे न्यासाचे नोंदणीकृत नाव, नोंदणी क्रमांक, पॅन आणि मृत्युपत्रात घालायच्या मजकुराचा नमुना छापायला काय हरकत आहे? आपणही यंदाच्या गणेशोत्सवात प्रत्येक संस्थेच्या परिचयाखाली एवढी चौकट द्यावी, ही विनंती.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, पुणे