आधी उतार, मग रंग

माननीय नगरविकास मंत्री महोदय यांस,
सविनय नमस्कार.

गेली अनेक वर्षे मी जमीन मोजतो आहे. झोन बदलाच्या, म्हणजे विकास आराखड्यात ठरलेला जमिनीचा वापर बदलण्याच्या, ज्या फायली माझ्या हातून गेल्या, त्यांत हद्दी, क्षेत्रफळ, सध्याचा वापर, मागितलेला वापर, सगळे असायचे. त्या जमिनीवर पाणी कुठून येते आणि कुठे जाते, याचा कागद मात्र क्वचितच असायचा. हे पत्र त्या एका कागदासाठी आहे.

एका जागेचे सांगतो. आराखड्यात ती पिवळी, म्हणजे निवासी. पहिल्यांदा गेलो तेव्हा तिच्या मधोमध एक सखल पट्टा होता. कोरडाच, पण तिथले गवत आजूबाजूपेक्षा हिरवे आणि माती पायाखाली दबणारी. लेव्हल, म्हणजे उंचसखलपणा मोजायचे यंत्र, लावली तर एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सव्वादोन मीटरचा उतार निघाला. पुढे तिथे भराव पडला, जागा सपाट झाली, जोते रस्त्याच्या वर आले. सामासिक अंतरे, म्हणजे इमारतीभोवती मोकळी ठेवायची जागा, नियमाप्रमाणे सोडलेली होती. परवानगीत बोट ठेवायला जागा नव्हती. पहिल्याच मोठ्या पावसात पाणी शेजारच्या जुन्या घरांत शिरले. तिथल्या एका भिंतीवर चिखलाची आडवी रेघ उमटली होती, अगदी लेव्हलमध्ये. तो सखल पट्टा माझ्या मोजणीच्या वहीत नोंदलेला होता, पण ती वही कुणी मागावी असा नियमच नव्हता.

साहेब, हिशेब अवघड नाही. एक हेक्टर जमिनीवर 10 मिलिमीटर पाऊस पडला की एक लाख लिटर पाणी होते. गवताच्या सपाट जमिनीवरून त्यातला थोडाच भाग लगेच वाहून जातो, बाकीचा मुरतो. डांबर आणि छपरावरून जवळजवळ सगळे वाहते. म्हणजे झोनचा रंग बदलला की खालच्या अंगाला राहणाऱ्याच्या दारात येणारे पाणीही बदलते, आणि ते त्याला कुणी विचारलेले नसते.

खरे तर झोनिंगच्या मुळाशी शेजाऱ्याचाच विचार होता. न्यूयॉर्कमध्ये 1915 साली इक्विटेबल बिल्डिंग पुरी झाली. जागा एकराहून कमी आणि बांधकाम सुमारे बारा लाख चौरस फूट. आसपासच्या इमारतींचा उजेड गेला, ओरड झाली, आणि पुढच्याच वर्षी शहराने वापराचे विभाग पाडले, उंच जाताना इमारत मागे घ्यायला लावली. सावली रोज दिसते, म्हणून तिचा नियम झाला. पाणी वर्षातून चार दिवस दिसते आणि उन्हाळ्यात सगळे विसरतात. पण आराखडे तर उन्हाळ्यातही मंजूर होतात.

एफएसआयवर, म्हणजे जागेच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येते त्या आकड्यावर, आपल्याकडे सारखी चर्चा चालते. मला वाटते, ती अर्धीच असते. हजार चौरस मीटरच्या जागेवर एफएसआय 1 असेल, तर अर्ध्या जागेवर दोन मजले बांधता येतात किंवा पाव जागेवर चार. आकडा तोच, पण दुसऱ्या रचनेत 250 चौरस मीटर जमीन जास्त मोकळी राहते. त्यातही त्या मोकळ्या जागेखाली पार्किंगचे तळघर असेल तर वर हिरवळ, बाक, झाडे, आणि दोन हात खाली स्लॅब. नकाशावर तिला खुली जागा म्हणतात. पाण्याच्या दृष्टीने ते छप्परच. बर्लिनमध्ये 1990 च्या दशकापासून शहराच्या काही भागांत हा फरक आकड्यात धरतात. थेट जमिनीशी जोडलेल्या हिरवळीला पूर्ण 1, स्लॅबवरच्या मातीला थराच्या जाडीप्रमाणे कमी, पाणी अजिबात न मुरणाऱ्या डांबर-काँक्रीटला शून्य, अशी प्रत्येक जागेची बेरीज होते.

माझे मागणे असे. झोन बदलाच्या प्रत्येक प्रस्तावासोबत कंटूर नकाशा, म्हणजे जमिनीचे चढउतार रेषांनी दाखवणारा नकाशा, सक्तीचा करावा, आणि तो जागेच्या हद्दीवर न थांबता जिथून पाणी येते आणि जिथे जाते तिथपर्यंतचा असावा. हरकती-सूचना मागवताना तो लोकांपुढे ठेवावा; पाणी कुठे तुंबते हे तिथे राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना आमच्या यंत्रापेक्षा जास्त ठाऊक असते. भराव टाकण्याला बांधकामाइतकीच परवानगी लागावी. आणि मंजुरीच्या तक्त्यात ‘उघडी माती’ असा वेगळा रकाना असावा, तळघरावरची हिरवळ वगळून.

यात वेळ जाईल, असे आपल्याला सांगितले जाईल. मी लिहिलेल्या त्या जागेची लेव्हल घ्यायला आम्हाला दोन दिवस लागले होते. त्या भिंतीवरची रेघही मी नंतर जाऊन मोजली, जमिनीपासून 47 सेंटीमीटर. आपण वेळ द्याल त्या दिवशी वही घेऊन येतो.

आपला,
एक भूमापक