पहिला नंबर म्हणजे इंजिन नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

बहारीनमधल्या फॉर्म्युला वन शर्यतींच्या मोसमाआधीच्या चाचण्यांची बातमी तुमच्या क्रीडा पानावर वाचली. पहिल्या आलेल्या गाडीची एका फेरीची वेळ आणि वर मथळा, 'सर्वांत दमदार इंजिन'. मी वागळे इस्टेटमध्ये २६ वर्षं टायरचं दुकान चालवतो. टायरच्या वाट्याचं श्रेय इंजिनाला गेलं की मला जरा लागतंच. 'पिकअप गेला हो' म्हणत गाडी घेऊन येणाऱ्या निम्म्या लोकांच्या चाकांत ३२ ऐवजी २० हवा असते.

फेरीची वेळ म्हणजे किराणा बिलाची बेरीज. नुसत्या बेरजेवरून तांदूळ महागला की तेल, ते कळत नाही. वळणात गाडी किती जोरात जाईल ते टायर रस्त्यावर किती दाबले जातात यावर ठरतं. त्यात गाडीचं वजन असतं आणि पंख (गाडीच्या पुढे-मागे लावलेल्या आडव्या पट्ट्या) व तळ हवेतून मिळवतात तो दाबही. वेग दुप्पट झाला की हा हवेचा दाब चौपट होतो. म्हणून बहारीनच्या दहाव्या वळणावर, जिथे ब्रेक मारताना पुढचं आतलं चाक हमखास लॉक होतं, म्हणजे फिरायचं थांबून घसरतं, तिथली पकड वेगळी आणि बार्सिलोनाच्या लांबलचक तिसऱ्या वळणातली वेगळी. शिवाय वळणात मदत करणारा मोठा पंख सरळ रस्त्यावर हवा अडवतो. तेव्हा सरळ पट्ट्याच्या शेवटी वेग कमी दिसला तर इंजिन अशक्त आहे असंही छापू नका.

आठवा २०१९. बार्सिलोनाच्या चाचण्यांत फेरारीच्या वेटेलची वेळ १ मिनिट १६.२२१ सेकंद, मर्सिडीजच्या हॅमिल्टनची १ मिनिट १६.२२४. टाकीत १० किलो इंधन जास्त असलं तर फेरीला साधारण ०.३ सेकंद जातात. त्या हिशेबाने दोघांमधला फरक १०० ग्रॅम इंधनाचा, कटिंग चहाच्या ग्लासात मावेल एवढा! तरी सगळे म्हणाले, यंदा फेरारी. माझा भाचा तर पैज लावून बसला होता (मिसळीची, आणि ती त्याने अजून दिलेली नाही). मेलबर्नच्या पहिल्याच शर्यतीत मर्सिडीजचाच बोटास जिंकला, हॅमिल्टन दुसरा, फेरारी चौथी आणि पाचवी. मे महिन्यात त्याच बार्सिलोनात शर्यत झाली तेव्हा फेरारी सरळ रस्त्यावर तेज होती, पण फेरीच्या शेवटच्या टप्प्यातल्या संथ वळणांत वेळ घालवत होती. पुढे स्पा आणि मॉन्झाला, जिथे सरळ पट्टे लांब, तिथे फेरारीच्या लक्लेर्कने जिंकून दाखवलं. जोर होताच, कमी पडली ती वळणातली पकड. चाचण्यांतल्या त्या एका आकड्यात यातलं काहीच दिसत नव्हतं.

यंदा तर गुंता वाढलाय. २०२६ च्या नियमांनी इंजिनाच्या जोडीला असलेल्या विजेच्या मोटरची ताकद १२० वरून ३५० किलोवॉट केली आणि पंखही आता सरळ रस्त्यावर मिटतात. एखादी गाडी पट्ट्याच्या शेवटी मंदावली, तर बॅटरी संपली, पंख मोठा होता की ड्रायव्हरने मुद्दाम पाय उचलला? भाचा म्हणतो, 'मामा, कोणी खरे पत्ते दाखवतच नाही, तुम्ही का त्रास करून घेता?' त्याचं खरं आहे, पण मग मथळा तरी कशाला?

विनंती एवढीच. वेळेसोबत टायर कोणता होता ते द्या, फेरीच्या तिन्ही टप्प्यांच्या वेळा द्या, सरळ पट्ट्यावरचा वेग द्या आणि सलग किती फेऱ्या मारल्या तेही. बहारीनच्या डांबरात इंग्लंडच्या श्रॉपशरमधल्या खाणीची खडी आहे, ती टायर किसणीसारखा खाते. तिथे पंधराव्या फेरीची वेळ पहिलीपेक्षा किती घसरली, हे वाचायला मला जास्त आवडेल. जागा कमी पडत असेल तर ड्रायव्हरचा फोटो लहान करा.

आपला,
एक टायरवाला
वागळे इस्टेट, ठाणे