हायब्रिड आणि व्ही-८ एकाच दावणीला : केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार.

आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून आधी प्रसंग सांगतो आणि मग गाऱ्हाणं.

गेल्या आठवड्यात मी एका शोरूममध्ये हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटरची जोड असलेली, गाडी बुक करायला गेलो होतो. सोबत बायको होती, आई होती, खिशात चेकबुक होतं. तिथल्या पंचविशीतल्या मुलाने कोऱ्या कागदावर कराच्या टक्क्यांच्या दोन ओळी लिहिल्या. पेट्रोल : ५० चे ४०. हायब्रिड : ४३ चे ४०. मग पेन खाली ठेवून, मॅनेजरच्या केबिनकडे एकदा बघून, हळूच म्हणाला, "काका, खरं सांगू का? साधी पेट्रोलच घ्या. तीच जास्त उतरलीय."

तो कागद मी घडी घालून घरी आणला. हे पत्र लिहिताना तो समोर आहे.

त्या मुलाचं काही चुकलं नाही. २२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, जीएसटीचे नवे दर लागू झाले. चार मीटरपेक्षा लांब असलेल्या मोठ्या पेट्रोल-डिझेल एसयूव्हीवर तोपर्यंत २८ टक्के जीएसटी आणि २२ टक्के उपकर मिळून ५० टक्के कर होता. मोठ्या हायब्रिडवर २८ आणि १५, म्हणजे ४३. आता दोघांना सरसकट ४०. समजा दोन्ही गाड्यांची करापूर्वीची किंमत वीस लाख आहे. पेट्रोलवाला तीस लाखांवरून अठ्ठावीसवर आला, त्याचे दोन लाख वाचले. हायब्रिडवाला अठ्ठावीस लाख साठ हजारांवरून अठ्ठावीसवर आला, त्याचे वाचले साठ हजार. जास्त इंधन पिणाऱ्या गाडीला मोठी सूट आणि कमी पिणाऱ्या गाडीला लहान. करापूर्वी कोटीची असलेली आठ सिलिंडरची एसयूव्ही घेणाऱ्याचे तर थेट दहा लाख वाचले.

हायब्रिडला आधी निदान सात टक्क्यांचा आधार होता. तोही गेला.

मंत्रिमहोदय, मी सतरा महिने थांबलो होतो. का, तेही सांगतो. एप्रिल २०२४ च्या सुमारास आपल्याच खात्याच्या मंत्रिपदावरून जाहीरपणे सांगितलं गेलं की हायब्रिडवरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आणि फ्लेक्स इंजिनवरचा (पेट्रोल आणि इथेनॉल दोन्हींवर चालणाऱ्या) १२ टक्क्यांवर आणावा, असा प्रस्ताव अर्थ मंत्रालयाकडे गेला आहे आणि तिथे विचार सुरू आहे. सगळ्या वर्तमानपत्रांत ते छापून आलं. मी पेपर बायकोच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणालो, थोडं थांबू. ४३ चे ५ झाले नाहीत तरी २८ होतील, १८ होतील. मंत्र्याचा शब्द आहे, अगदीच वाऱ्यावर जाणार नाही.

त्या थांबण्याची किंमत माझ्या आईने मोजली.

आईच्या मणक्याची शस्त्रक्रिया झाली आहे. महिन्यातून दोनदा तिला नाशिकहून मुंबईला न्यावं लागतं. आमची डिझेल गाडी बारा वर्षांची. सिग्नलला उभी राहिली की तिची थरथर मागच्या सीटपर्यंत जाते आणि आई दोन्ही हातांनी पुढच्या सीटची पाठ धरून बसते. बोलत काही नाही. आरशात तिची मिटलेली ओठांची रेघ तेवढी दिसते. ऑगस्ट २०२४ मध्ये कसारा घाटात, पावसात, रात्री साडेनऊला क्लच गेला. त्या पावसाळ्यात या महामार्गावर किती खड्डे होते हे मी सांगायची गरज नाही. आम्ही तीन तास कडेला उभे होतो. मागून येणारा प्रत्येक ट्रेलर गाडी हलवून जायचा. आई म्हणाली, "मला उताणं झोपू दे रे जरा." गाडीत उताणं झोपायला जागा नव्हती.

त्याच्या दोन महिने आधी आम्ही हायब्रिडची चाचणी फेरी घेतली होती. द्वारका चौकात सिग्नल लागला, इंजिन आपोआप बंद झालं, एसी चालू राहिला. आई मागून घाबरून म्हणाली, "बंद पडली का रे?" सिग्नल सुटला आणि गाडी आवाज न करता पुढे सरकली, तेव्हा तिने आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या गाडीचं कौतुक केलं. मला ही गाडी का हवी आहे, त्याचं सगळं उत्तर त्या चौकात आहे.

इलेक्ट्रिक का नाही घेत, असं विचारणारे भेटतात. आमच्या सोसायटीच्या कमिटीने पार्किंगमध्ये चार्जर बसवायला दोनदा नकार दिला. एकदा मीटरचं कारण, एकदा आगीचं. आईला घेऊन रस्त्यात चार्जिंगच्या रांगेत उभं राहायची माझी तयारी नाही. माझ्यासारख्यासाठी हायब्रिड हाच मधला रस्ता आहे. वायर लावायची नाही, ब्रेक मारला की वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत येते, गर्दीत बराच वेळ इंजिन बंदच राहतं.

इथपर्यंत मी विनंती करत होतो. आता राग सांगतो.

हायब्रिड म्हणजे काय, हे सरकारने एकदाचं ठरवलं पाहिजे, कारण गाड्या बनवणाऱ्यांनी ते आपल्या परीने ठरवून टाकलं आहे. १९९७ मध्ये जपानमध्ये टोयोटाची प्रियस आली, तेव्हा हायब्रिडचा अर्थ एकच होता : इंधन वाचवणं. २००५ मध्ये लेक्ससने आरएक्स ४००एच आणली आणि आलिशान गाडीही काटकसर करू शकते हे दाखवलं. याच कंपनीने २०१७ मध्ये भारतात पाऊल ठेवलं तेच हायब्रिड गाड्या घेऊन, आणि २०२० पासून ईएस ३००एच कर्नाटकात बिडदीला जोडली जाऊ लागली. याबद्दल मला आदरच आहे. पण आज त्याच आरएक्सची दोन रूपं आहेत. आरएक्स ३५०एच मध्ये अडीच लिटरचं साधं इंजिन आणि काटकसरीची जुनी रीत. आरएक्स ५००एच मध्ये टर्बो इंजिन, मागच्या चाकांना वेगळी ताकदवान मोटर, एकूण ताकद ३६० अश्वशक्तीच्या वर, आणि नावापुढे 'परफॉर्मन्स' ही पदवी. एक मोटर इंधन वाचवायला बसवलेली, दुसरी वेग वाढवायला. दोघींच्या पाठीवर अक्षर तेच, 'एच'.

जर्मन कंपन्या त्याच्याही पुढे गेल्या. मर्सिडीज-एएमजीच्या सी ६३ मध्ये पूर्वी चार लिटरचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं, इंजिन होतं. नव्या पिढीत दोन लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन आणि मोटर मिळून ६८० अश्वशक्ती. बॅटरी ६.१ किलोवॉट-तासांची, नुसत्या विजेवर गाडी धावते १३ किलोमीटर. बीएमडब्ल्यूची नवी एम ५ प्लग-इन, म्हणजे वायर लावून चार्ज करायची, हायब्रिड आहे : व्ही-८ इंजिन तसंच ठेवलेलं, वर मोटर, ताकद ७२७ अश्वशक्ती, वजन २,४०० किलोच्या पुढे, म्हणजे आधीच्या पिढीपेक्षा चारशे किलोहून जास्त. दोन्ही गाड्या नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्याकडे विक्रीला आल्या. लॅम्बोर्गिनीची रेव्हुएल्टो बारा सिलिंडरची आणि हजार अश्वशक्तीच्या वरची, तीही हायब्रिडच. उत्तम यंत्रं आहेत, त्यांच्या अभियंत्यांना माझा सलाम. ज्याला परवडतं त्याने ती जरूर घ्यावीत. पण पर्यावरणाच्या नावाने यांना माझ्या आईच्या गाडीच्या पंगतीला बसवू नका. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी गत आहे ही.

आणि आपण नेमकं तेच करत आहात. जीएसटीच्या तक्त्यात ७२७ अश्वशक्तीची प्लग-इन हायब्रिड, मला हवी असलेली घरगुती हायब्रिड आणि निव्वळ पेट्रोलवर चालणारी व्ही-८ या तिघी एका ओळीत आहेत. तिघींना ४०. हे दर ठरवताना किती पेट्रोल जळतं हा प्रश्न कुठेच विचारलेला नाही. विचारलंय काय, तर गाडी चार हजार मिलिमीटरपेक्षा लांब आहे का, इंजिन पेट्रोलचं असेल तर १२०० सीसीच्या वर आहे का, डिझेलचं असेल तर १५०० च्या वर आहे का. अहो, धूर नळीतून निघतो, बंपरमधून नाही! टेप घेऊन गाडीची लांबी मोजायची आणि त्यावर कर ठरवायचा, ही कुठली पद्धत?

इंधनाचा हिशोब सरकारकडे नाही असंही नाही. कंपन्यांच्या गाड्यांनी सरासरी किती कार्बन डायऑक्साइड सोडावा याचे 'कॅफे' निकष २०१७ पासून लागू आहेत. २०२२ पासून मर्यादा किलोमीटरमागे ११३ ग्रॅमच्या आसपास आली. गाडीगाडीचा आकडा सरकारी दप्तरात आहे. मग कर लावताना तो का बघत नाही? उलट त्या निकषांतही सरासरी काढताना इलेक्ट्रिक गाडी तीन गाड्यांइतकी धरायची, प्लग-इन हायब्रिड अडीच आणि स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे मला हवी तशी बिनवायरची, दोन, अशी सवलत आहे. म्हणजे अडीच टनांची प्लग-इन कंपनीच्या वहीत घरगुती हायब्रिडपेक्षा जास्त भारी ठरते.

प्लग-इनचा कागदावरचा आकडा किती खरा असतो, ते युरोपने मोजून पाहिलं आहे. गाडीतच बसवलेल्या मापकांनी २०२१ मध्ये नोंदणी झालेल्या लाखो गाड्यांचं प्रत्यक्ष इंधन टिपलं. युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये अहवाल दिला : प्लग-इन हायब्रिडचं रस्त्यावरचं उत्सर्जन चाचणीतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट. कारण साधं आहे. चाचणी गृहीत धरते की मालक गाडी नेमाने चार्ज करेल. बरेच मालक करत नाहीत. टाकी भरली की गाडी चालतेच, मग वायर कोण काढतो? हे कळल्यावर तिथे चाचणीची गृहीतकं बदलली, २०२५ पासून टप्प्याटप्प्याने. आपण काय बदललं? सात टक्क्यांचा फरक पुसला.

साहेब, हा धरसोडपणा आजचा नाही. २०१५ मध्ये इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांना प्रोत्साहन देणारी फेम योजना आणली, हायब्रिडला अनुदान दिलं, लोकांना सांगितलं घ्या. एप्रिल २०१७ मध्ये माइल्ड हायब्रिडचं (ज्यात मोटर इंजिनाला फक्त हातभार लावते) अनुदान काढलं. तीन महिन्यांनी, १ जुलैला, जीएसटी आला आणि हायब्रिड थेट ४३ टक्क्यांत. इलेक्ट्रिकचा दर १ ऑगस्ट २०१९ पासून १२ चा ५ झाला, चांगलं झालं. पण तिथेही गाडी दहा लाखांची असो की दोन कोटींची, दर पाचच. राज्यांची तऱ्हा वेगळी. उत्तर प्रदेशने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडला नोंदणी कर माफ केला. आमच्या महाराष्ट्रात मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात तीस लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के कर सुचवला आणि त्याच महिन्यात मागेही घेतला. महागडी इलेक्ट्रिक घेणाऱ्यांचं गाऱ्हाणं काही दिवसांत ऐकलं गेलं. माझं सतरा महिन्यांत कुणी ऐकलं नाही. तीस लाखांखालचा माणूस ओरडला तर आवाज वरपर्यंत पोहोचत नाही का?

मला माहीत आहे, उत्तर तयार असेल : कर आपल्या खात्याचा विषय नाही, तो जीएसटी परिषद ठरवते. परिषद म्हणेल, राज्यांना विचारा. राज्यं म्हणतील, केंद्राकडे बोट दाखवा. उत्सर्जनाचे निकष ऊर्जा खात्याकडे, गाडीची मान्यता आपल्याकडे, कर अर्थ खात्याकडे, कारखान्याचं अनुदान अवजड उद्योगाकडे. एका गाडीला चार चाकं असतात तसे चार मालक, आणि प्रत्येक चाक वेगळ्या दिशेला. या देशात सामान्य माणसाने सरकारी शब्दावर विश्वास ठेवून घरातला एखादा निर्णय पुढे ढकलला, की तो हमखास तोंडघशी पडतो. शेतकरी हमीभावाच्या आशेने माल ठेवतो तसा मी गाडीसाठी थांबलो. जो थांबला नाही, ज्याने कुणाचं काही न ऐकता मोठी पेट्रोल गाडी घेतली, तो सतरा महिने सुखाने फिरला. आणि आज घेणाऱ्याला तर वर दोन लाखांचा नफा.

तो प्रस्ताव खात्याच्या नावाने गेला होता, तेव्हा त्याचं काय झालं हे सांगणं खात्याचं काम आहे. फेटाळला असेल तर कुणी, कधी आणि कोणत्या कारणाने, ते लेखी जाहीर करा. अजून विचाराधीन असेल तर तारीख द्या, मी कॅलेंडरवर खूण करीन. आणि परिषदेपुढे नवा प्रस्ताव जाणार असेल तर त्यात 'हायब्रिड' या शब्दाला सूट मागू नका. किलोमीटरमागे निघणाऱ्या ग्रॅमला मागा. प्लग-इनचा आकडा रस्त्यावर मोजून घ्या. मग कंपनी कुठल्याही देशातली असो, बोनेटवर कुठलंही चिन्ह असो, कमी जाळणारी गाडी कमी कर भरेल आणि सातशे अश्वशक्तीवाली तिचा भरेल.

शोरूममधून निघताना मी बुकिंग केलं नाही. पेट्रोलचं केलं नाही, हायब्रिडचंही नाही. त्या मुलाला म्हणालो, कळवतो. येत्या गुरुवारी आईला पुन्हा मुंबईला न्यायचं आहे. डिझेलचा नवा क्लच बसवून झालाय, मागच्या सीटवर जाड फोम घालून घेतलाय. पहाटे पाचला निघू, म्हणजे घाटात गर्दी लागणार नाही आणि सिग्नलला कमी थांबावं लागेल.

आपल्या लेखी उत्तराची वाट पाहतो.

आपला,
नाशिकचा एक वाहनमालक