स्क्रीनवर उजळ, छापल्यावर काळपट

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

वाचकांनी पाठवलेले रात्रीचे फोटो वर्तमानपत्रात काळपट येतात आणि बोल छपाईला लागतो. छपाईचा वाटा आहेच. वर्तमानपत्राचा कागद शाई शोषतो, ठिपका पसरतो, मधल्या छटा गडद होतात. पण बराचसा घोटाळा त्याआधीच, कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर झालेला असतो. खिशात मावणारे जुने डिजिटल कॅमेरे तरुण मुले हल्ली कपाटातून पुन्हा बाहेर काढत आहेत, त्यांच्यासाठी हे पत्र.

तलावपाळीवर संध्याकाळी फोटो काढताना डोळे अंधाराला सरावलेले असतात. त्या अंधारात स्क्रीन झगझगीत दिसते आणि फोटो झकास आला असे वाटते. तोच सकाळी संगणकावर उघडला की दिवे तेवढे दिसतात, पाणी आणि माणसे काळोखात बुडालेली. भर दुपारी उलटा प्रकार. उन्हात स्क्रीन फिकी पडते, म्हणून फोटो अंधारा समजून एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतला जाणारा उजेड, वाढवले जाते आणि पांढरे ते सगळे जळून जाते. काळोखातले थोडेफार नंतर उजळता येते, जळालेले पांढरे मात्र कशानेच परत येत नाही.

म्हणून चौकट स्क्रीनवर पाहावी, उजेड हिस्टोग्रामवर. डिस्प्ले लिहिलेले बटण एक-दोनदा दाबले की बऱ्याच कॅमेऱ्यांत हा डोंगरासारखा आलेख येतो; डावीकडे फोटोतल्या काळ्या छटा, उजवीकडे पांढऱ्या. काहींत तो फोटो काढून झाल्यावर, पुन्हा पाहतानाच दिसतो. डोंगर उजव्या भिंतीला चिकटून कापला गेला असेल तर पांढरे गेले. सगळा डावीकडे गोळा झाला असेल तर फोटो अंधारा. अधिक-उणे चिन्हाच्या बटणाने एक तृतीयांश स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) पायऱ्यांनी तो सरकवावा. वर्तमानपत्रासाठी फोटो काढताना, पांढरे शाबूत राहील इतपत, एक पायरी उजळच ठेवावा.

ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंचे उदाहरण घेऊ. ओहोटीला पक्षी काळ्या चिखलात चरतात. चौकटीत चिखल आणि खारफुटी जास्त, पक्षी थोडे. कॅमेरा सरासरी काढतो, चिखलाला करडा करू पाहतो आणि पक्ष्यांचे अंग पांढरेफटक होऊन पिसांच्या रेषा पुसल्या जातात. इथे उणे एक तृतीयांश ते दोन तृतीयांश ठेवले की गुलाबी छटा राहते. भरतीला मागे चमचमते पाणी असेल तर नेमके उलट: पक्षी काळवंडतात, अधिककडे जावे लागते. ऐरोलीच्या काठावरून सकाळी खाडीकडे पाहिले तर सूर्य पाठीशी असतो. पक्ष्यांवर उजेड उत्तम, पण तोच उजेड स्क्रीनवरही पडतो. अशा वेळी सोबत्याने काळी छत्री धरावी किंवा टोपीची सावली करावी आणि मेनूतून स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवावा. संध्याकाळी तो पुन्हा मधोमध आणायला विसरू नये. पोलराइज्ड गॉगल घालणाऱ्यांनी तो काढूनच स्क्रीन पाहावी, नाहीतर कॅमेरा उभा किंवा आडवा धरताच ती काळी पडू शकते.

दुसरी फसगत सुस्पष्टतेची. जुन्या कॅमेऱ्याची स्क्रीन बहुधा 2.3 लाख बिंदूंची असते. एका पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन बिंदू लागतात, म्हणजे खरे पिक्सेल 320 गुणिले 240, जेमतेम 77 हजार. फोटो 1.2 कोटी पिक्सेलचा असेल तर त्यातले दीडशेहून अधिक पिक्सेल स्क्रीनच्या एका पिक्सेलमध्ये दडपले जातात. एवढ्यात हललेला फोटोही ठाकठीक दिसणारच. झूमचा खटका दाबून पक्ष्याचा डोळा मोठा करून पाहावा, मगच जागा सोडावी.

हलण्याचे मुख्य कारण म्हणजे स्क्रीन पाहायला हात लांब करून धरलेला कॅमेरा. कोपरे बरगड्यांना टेकवावीत. गळ्यातला पट्टा असेल तर तो ताणून धरला की कॅमेरा बराच स्थिर राहतो. शटर आधी अर्धे दाबावे, हिरवी चौकट आल्यावर उरलेले हलकेच दाबावे. एकदम दाबले तर फोकस जुळेपर्यंत पक्षी उडालेला असतो. कठड्यावर टेकवून काढताना दोन सेकंदांचा टायमर लावावा. बोटीत मात्र हाताची थरथर सावरणाऱ्या स्टॅबिलायझरवर विसंबू नये, तिथे शटरचा वेग वाढवण्याला पर्याय नाही.

सूर्यास्त टिपताना सीसीडी या जुन्या प्रकारच्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात सूर्यातून जाणारा उभा जांभळट पट्टा स्क्रीनवर दिसतो. कॅमेरा बिघडला असे समजून तो टाकून देऊ नये. फोटोत तो सहसा उतरत नाही, कारण त्या क्षणी यांत्रिक शटर बंद होते. व्हिडिओत मात्र येतो. जुना कॅमेरा कार्ड वाचत नसेल तर 2 जीबीचे साधे एसडी कार्ड घालून पाहावे. बॅटरी फुगलेली दिसली तर ती वापरू नये, चार्जही करू नये.

आपल्याला एक विनंती. वाचकांचे फोटो मागवताना सूचनेत दोन ओळी वाढवाव्यात: फोटो मोठ्या स्क्रीनवर पाहून मगच पाठवा, आणि मूळ फाइल ई-मेलने पाठवा. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो आक्रसतो, आणि मग छापताना सुधारायला हाती काही उरत नाही.

आपले,
छायाचित्रणाची आवड असलेले काही वाचक, ठाणे