बाबांची पाठ आणि बेडरूममधला एसी

ती. आई-बाबा,
सा. न.

काल व्हिडिओ कॉलवर बाबा दाराच्या चौकटीला पाठ घासत होते, आणि आई, तू पटकन फोन देवघराकडे वळवलास. मला दिसायचं ते दिसलंच.

आधीच सांगून टाकते. तुमच्या बेडरूममध्ये एसी बसवायचं ठरलंय, पैसेही भरून झालेत. बाबा, रागावू नका, पूर्ण वाचा.

तुमचं म्हणणं मला तोंडपाठ आहे. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ वर गेला, तेव्हाही आपण कुलरच्या वाळ्याच्या ताट्यांवरच निभावलं. कबूल. पण तो मे होता. कोरड्या हवेत ताटीतलं पाणी उडतं म्हणून कुलर गार हवा देतो, अंगावरचा घामही झटकन सुकतो. नवतपा सरला, पाऊस लागला की हवाच ओली. मग कुलर खोलीत नुसता दमटपणा कोंबतो. घाम वाळत नाही, घामाची छिद्रं बुजतात, घामोळं येतं. कधी वर काही दिसत नाही आणि आतून सुया टोचतात. म्हणून आई, "पाठीवर तर काहीच नाही, यांचं आपलं उगाच" असं त्यांना म्हणू नकोस गं.

कुलर कुठे जात नाही. तो हॉलमध्ये राहील, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या ताट्या बाबाच बदलतील, दुसऱ्या कोणाला ते जमतही नाही. एसी २६ वर ठेवायचा, सोबत पंखा हळू. आईच्या गुडघ्यांना झोत लागू नये म्हणून दादाकडून खोलीचे फोटो मागवून जागा ठरवलीय, गोदरेजच्या कपाटाच्या वर. पलंगावर थेट हवा येणार नाही. तरी गार वाटलं तर निळी दुलई घ्या, ती जपून ठेवण्यासाठी नाही आणली. लाइटबिल मी इथूनच ऑनलाइन भरीन. तुम्ही तरी कधी कोणाचं ऐकलंत का? मग आता माझंही चालू द्या.

नागपूरच्या महाल भागातल्या घरी मला घामोळं यायचं तेव्हा "पहिल्या पावसात भिजलं की पळतं" म्हणत बाबा मला गच्चीवर न्यायचे आणि आई जिन्यातून ओरडायची. मग तीच पाठीवर मुलतानी माती थापायची. ती सुकून कातडी ओढायला लागली की मी श्वाससुद्धा बेताने घ्यायचे, भेगा पडू नयेत म्हणून. आता पाठ बाबांची आणि मी पुण्यात. जीव तुटतो हो.

बरं, आता ऐका. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणलेली ती ट्यूब आजपासून बंद. डबीवरची नावं मी वाचली, त्यात जोरदार स्टेरॉइड आहे. चार दिवस बरं वाटतं, पण गजकर्ण असलं तर ते आणखी पसरतं आणि मग साध्या औषधाला दाद देत नाही. असली मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम २०१८ पासून आहे. बाबा, तुम्ही तर जन्मभर नियमाने चाललेले! जंतुनाशक साबण नको, पावडरचे थर नकोत, खोबरेल चोपडणं तर नकोच. साध्या पाण्याने आंघोळ, अंग टिपायचं, खसाखसा पुसायचं नाही, वर कॅलामाइन. बनियन सुतीच, घामाने भिजला की बदलायचा.

मंगळवारी स्किनच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय, दादा नेईल. साखर, थायरॉइड, किडनी, लिव्हर एवढं रक्त तपासतील. घाबरू नका, या वयात नुसत्या कोरड्या कातडीनेही खाज सुटते, पण एकदा बघितलेलं बरं. बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी न्या, काही गोळ्यांनीही अंग खाजतं. गोळी मात्र आपल्या मनाने थांबवायची नाही. रात्री जास्त खाजतं का, बोटांच्या बेचक्यात खाजतं का, हे सांगा. आणि आई, तुलाही खाजत असेल तर तिथेच बोल. खरूज असली तर घरातल्या सगळ्यांना एकदमच औषध घ्यावं लागतं, तुझा सोशिकपणा तिथे कामाचा नाही.

एसीवाला शनिवारी अकराला येईल. त्याला चहा द्या. बाबा, त्याच्याशी भाव करू नका, पैसे दिलेत. आणि "कुलर काय वाईट होता" हे तो गेल्यावर बोला.

तुमची,
मनू