एका बाटलीपायी सगळी पेटी फेकायची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत दीर्घायुष्याच्या बाजाराची जी लक्तरे काढलीत, त्याला माझी हरकत नाही. हार्वर्डचे वृद्धत्वाचे संशोधक डेव्हिड सिंक्लेअर काय नि कोण काय! म्हातारपण रोखणारे म्हणून गाजलेल्या रेझव्हेरॅट्रॉल या द्रव्याच्या भरवशावर उभी राहिलेली त्यांची कंपनी ग्लॅक्सो या औषध कंपनीने २००८ साली ७२ कोटी डॉलर मोजून घेतली आणि २०१३ मध्ये तिला टाळे लावले. पुढे २०२४ मध्ये कुत्र्यांचे वय मागे नेणाऱ्या गोळीचा दावा अंगाशी आला, सहकारीच उलटले आणि त्यांना दीर्घायुष्याच्या संशोधकांच्या संस्थेचे अध्यक्षपद सोडावे लागले. (ते द्रव्य द्राक्षाच्या सालीत असते म्हणे. आमच्या तासगावच्या द्राक्षांचा यात काही अपराध नाही.)

माझी तक्रार शेवटच्या परिच्छेदाबद्दल आहे. ‘मग प्रतिबंधात्मक उपचारांवर तरी विश्वास का ठेवावा?’ असा सवाल टाकून लेखक महाशय मोकळे झाले. अडकलो आम्ही. सौ.ने तो परिच्छेद चहा पिता पिता मोठ्याने वाचला, ‘सगळे एकाच माळेचे मणी’ असा निकाल दिला आणि बी. पी.च्या गोळ्यांचे पाकीट उचलून चकलीच्या रिकाम्या डब्यात टाकले.

ही गोळी तिला कशी लागली तेही सांगतो. गेल्या वर्षी चिरंजीवांनी पुण्याहून आईच्या वाढदिवसाला ‘फुल बॉडी चेकअप’ भेट दिला. सकाळी साडेसहाला एक मुलगा आला आणि रक्ताच्या चार बाटल्या भरून घेऊन गेला. संध्याकाळी मोबाइलवर एकतीस पानी रंगीत रिपोर्ट हजर! जागोजागी लाल बाण आणि शेवटी ‘आपले जैविक वय ७४’. बाईसाहेब ६६ वर्षांच्या. दोन रात्री झोपल्या नाहीत. तिसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले आणि अठ्ठावीसशे रुपयांची कॅप्सूलची बाटली घरी आली. शेवटी मी तिला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी रिपोर्ट चाळला, बाजूला ठेवला आणि दंडाला पट्टा गुंडाळला. १६८/९८. एकतीस पानांत सगळे होते, बी. पी. तेवढा नव्हता! कसा असणार? रक्त न्यायला आलेल्या पोराकडे पट्टाच नव्हता. तेव्हापासून रोज सकाळी एक गोळी, दिवसाला चहाच्या कपाएवढा खर्च. त्या गोळीने तिचे वय मागे गेलेले नाही, पण बी. पी. १३० च्या आसपास असतो.

तर प्रतिबंधात्मक उपचार म्हणजे ही गोळी. ती बाटली नव्हे. तुमच्या लेखकाने दोन्ही एकाच गोणीत भरले.

मी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात एकतीस वर्षे काढली आहेत. (एकतीस आकडा माझा पिच्छा सोडत नाही.) पोलिओच्या डोससाठी दारोदार फिरताना एक अफवा किती महाग पडते ते पाहिले आहे. पंजाबात मुल्कोवालला १९०२ साली प्लेगची लस टोचलेले १९ लोक धनुर्वाताने दगावले. सगळे एकाच बाटलीतून टोचलेले. ती लस तयार करणाऱ्या हाफकिनसाहेबांवर बालंट आले, पद गेले, आणि १९०७ पर्यंत निर्दोष ठरायची वाट पाहावी लागली. याच माणसाने १८९७ मध्ये भायखळ्याला लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. आपल्या लेखकाने तेव्हा लिहिले असते तर लशीची पेटीच नदीत गेली असती.

जाता जाता आणखी एक. ज्या पुरवणीत हा लेख, तिच्याच शेवटच्या पानावर ‘वय उलटे फिरवा’ म्हणणाऱ्या क्लिनिकची पानभर जाहिरात! ही जुळणी कोणी केली? २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पतंजलीला विचारले होते, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दलचा माफीनामा त्या जाहिरातींएवढाच मोठा छापला का म्हणून. तुम्हाला तेवढे विचारत नाही. चार ओळींचा खुलासा पुरे. ‘डॉक्टरांनी दिलेली बी. पी.ची गोळी लेख वाचून बंद करू नये’ एवढाच.

आज सकाळची गोळी अजून डब्यातच आहे. खुलासा छापणार असाल तर अग्रलेखाजवळ नको, राशिभविष्याशेजारी छापा. तिकडे तिची नजर रोज जाते.

आपला,
एक जुना वर्गणीदार, मिरज